सरावाच्या इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोचला टॉवरनं ‘नाही’ म्हणावं का?

प्रशिक्षक, विजापूर रोड

मुद्दा आधी मांडतो. शिकाऊ विमानाला सरावाचा अ‍ॅप्रोच त्या क्षणी नाकारायचा अधिकार टॉवरमधून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरला हवाच, त्यावर माझं भांडण नाही. पण महिनोन्‌महिने ‘सराव बंद’ म्हणून सरसकट पाटी लावून ठेवणं चुकीचं आहे. एका ठिकाणी बंद करायचं असेल तर दुसरं ठिकाण दाखवायची जबाबदारी बंद करणाऱ्यावरच हवी.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ढगात, पावसात, धुरकटात बाहेरचं काही दिसत नसताना पायलट फक्त समोरच्या यंत्रांवर विसंबून विमान धावपट्टीकडे खाली आणतो, तो इन्स्ट्रुमेंट अ‍ॅप्रोच. आयएलएस ही धावपट्टीजवळची रेडिओ यंत्रणा असेल तर एक संकेत धावपट्टीची मधली रेष धरून देतो आणि दुसरा साधारण ३ अंशांचा उतार. नेहमीच्या आयएलएसवर जमीन २०० फुटांवर आली तरी दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, तर तिथून वर निघायचं. घोटाळत बसायला जागा नसते. हे शिकवताना आम्ही मुलाच्या कपाळावर हूड चढवतो. त्याला फक्त पॅनेल दिसतं, बाहेर नजर इन्स्ट्रक्टरची. हवा स्वच्छ, सराव मात्र ढगातला.

विषय निघाला भाच्यावरून. तो अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगात उडायचा दाखला, करतोय. तो जिथं उडतो तिथल्या रडार केंद्रानं माणसं कमी असल्यामुळे सरावाचे अ‍ॅप्रोच मिळणार नाहीत असं सांगून टाकलंय, कधीपर्यंत ते सांगितलेलं नाही. तिथं नियमच असा आहे की डोळ्यांनी बघत उडणाऱ्या, म्हणजे व्हीएफआर विमानाला सरावाचा अ‍ॅप्रोच कामाचा बोजा पाहून द्यायचा. पण रेटिंगसाठी ४० तासांचं इन्स्ट्रुमेंट उड्डाण लागतं, २५० नॉटिकल मैलांची एक फेरी तीन वेगळ्या प्रकारच्या अ‍ॅप्रोचसह लागते, आणि रेटिंग हातात आल्यावरही मागच्या ६ महिन्यांत ६ अ‍ॅप्रोच झालेले नसले तर ढगात शिरता येत नाही. नियम करणारं खातं आणि टॉवर चालवणारं खातं तिथं एकच आहे. एका हातानं सराव मागायचा आणि दुसऱ्या हातानं अडवायचा, हे मला पटत नाही.

आपल्याकडं का बोलायचं? सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये मुंबईचं. शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कलबुर्गीच्या विमानतळावर फ्लाइंग स्कूल आहेत, पलीकडं बारामती आहे. शिकाऊ विमानं आणि प्रवासी विमानं एकाच आकाशात आली की हा प्रश्न इथंही येणार. तो आला की घाईघाईत बंदीचा कागद निघेल, त्याआधी बोलूया.

१९५४ साली इलिनॉय विद्यापीठात इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्या २० पायलटांना बनावट ढगात टाकून पाहिलं होतं. विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सराव कशासाठी हवा याचं माझ्यापाशी याहून मोठं कारण नाही.


निवृत्त कंट्रोलर

सर, तुमची कळकळ खरी आहे, पण तुम्ही हे सगळं कॉकपिटमधून बघताय. मी स्कोपवर, म्हणजे रडारच्या पडद्यासमोर, आयुष्य काढलंय, म्हणून तिथून सांगतो.

सेसना १७२ हे छोटं शिकाऊ विमान अ‍ॅप्रोचवर ९० नॉटनं, म्हणजे तासाला ९० नॉटिकल मैलांनी, येतं. शेवटचे १० मैल पार करायला तिला पावणेसात मिनिटं लागतात. मागून १४० नॉटनं येणाऱ्या जेटला तेवढ्याच अंतराला सव्वाचार मिनिटं. म्हणजे सेसना पुढं असेल तर जेटला मागं कुठंतरी घिरट्या घालायला लावायच्या. जेट पुढं असेल तर वेक टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे जेटमागं उठणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांसाठी, सेसनाला ५ मैल मागं ठेवायचं. दोन्हीकडून जागा जाते. आणि शिकाऊ विमान उतरत नाही, खाली येतं आणि परत वर जातं. त्या वर जाण्याची, वळण्याची, परत रांगेत येण्याची जागा मला आधीच मोकळी ठेवावी लागते. एक सरावाचा अ‍ॅप्रोच म्हणजे माझ्यासाठी एक लँडिंग आणि एक टेकऑफ, तेही अशा मुलाचं ज्याला हेडिंग, म्हणजे उडायची दिशा, दिल्यावर दोन वेळा विचारावं लागतं, ‘कन्फर्म?’

हे नुसतं गैरसोयीचं नाही. २५ सप्टेंबर १९७८, सॅन डिएगो. पीएसए या कंपनीचं प्रवासी बोईंग ७२७ तिथल्या लिंडबर्ग फील्ड विमानतळावर उतरायला येत होतं. एक सेसना १७२ त्याच विमानतळावर आयएलएसचा सराव करून निघाली होती, शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर हूड, शेजारी इन्स्ट्रक्टर. वस्तीवर दोघांची टक्कर झाली. १४४ माणसं गेली, त्यातली ७ जमिनीवरची. जी उदाहरणं समोर ठेवून आम्ही शिकलो त्यातलं हे पहिलं. म्हणून ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, म्हणताना मला कधी अपराधी वाटलं नाही.


जुळे सोलापूर

मी प्रवासी म्हणून बोलतो. इतकी वर्षं विमानाची वाट बघितली. माझ्या आईला उपचारासाठी मुंबईला न्यावं लागतं, रात्रभर रेल्वेत बसवत नाही तिला. आता कुठं सोय झाली. ते विमान कोणाच्या सरावासाठी दहा मिनिटंसुद्धा वर फिरत राहू नये. शिकणाऱ्यांनी मोकळ्या जागी शिकावं. यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे?


प्रशिक्षक, विजापूर रोड

कंट्रोलर साहेब, सॅन डिएगोचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, मीही देणारच होतो. पण पूर्ण सांगूया. चौकशीत मुख्य ठपका कोणावर आला? ७२७ च्या क्रूला सेसना दाखवली गेली होती, त्यांनी ‘दिसली’ म्हणून सांगितलं, नंतर ती नजरेआड झाली आणि ते टॉवरला स्पष्ट कळवलं नाही. रडारवरून दोघांना वेगळं ठेवता येत असताना ‘तुमचं तुम्ही बघा’ या पद्धतीवर सोडलं, यावरही बोट ठेवलं गेलं. सेसनाही दिलेल्या हेडिंगवर राहिली नव्हती, तेही मान्य.

आणि ती सेसना लिंडबर्गला गेलीच का? ती उडाली होती माँटगोमेरी फील्डवरून. तिथं आयएलएस नव्हतं. त्या सगळ्या परिसरात ते एकाच विमानतळावर होतं, सगळ्यात गर्दीच्या. अपघातानंतर काय केलं? माँटगोमेरीला आणि पालोमारला आयएलएस बसवलं, म्हणजे छोट्या विमानांना गर्दीत शिरायची गरजच राहू नये. मी सुरुवातीलाच हेच म्हणालो. १४४ जीव गेल्यावर जे शहाणपण आलं ते असं होतं की सरावाला दुसरी जागा करून द्या. नुसती बंदी घालून त्यांनी हात झटकले नाहीत.

जुळे सोलापूरच्या दादांना: आईंच्या विमानाला कोणी अडवू नये, मीही अडवणार नाही. सोलापूरला दिवसाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी प्रवासी विमानं येतात. मधले तास धावपट्टी रिकामी असते, त्या तासांबद्दल मी बोलतोय.


सिम्युलेटर लॅब, केगाव

एक साधा प्रश्न. विमान हवंच कशाला? मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, सिम्युलेटरवर काम करतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या ४० तासांतले २० तास जमिनीवरच्या मान्यताप्राप्त यंत्रावर चालतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पूर्ण फ्लाइट सिम्युलेटर असेल तर ३० पर्यंत मुभा आहे. तिथं एका तासात जितके अ‍ॅप्रोच होतात तितके विमानात अर्ध्या दिवसात होत नाहीत. चुकलं की थांबवा, मागं न्या, पुन्हा करा. वाऱ्याची दिशा बदला, एक यंत्र बंद पाडा, धुकं १०० मीटरवर आणा. खऱ्या विमानात इन्स्ट्रक्टर हे करायला धजणार नाही. एव्हिएशन पेट्रोल जळत नाही, टॉवरला त्रास नाही, विमानतळाजवळच्या आसरा चौकातल्या माणसाला आवाज नाही. कंट्रोलर कमी आहेत ही वस्तुस्थिती धरून चाललं, तर सराव खाली आणणं हाच सरळ रस्ता आहे. प्रशिक्षकांना हे का आवडत नाही ते मला कळलेलं नाही.


एटीआर, उजवी सीट

वरची चर्चा वाचून लिहितेय. मी सोलापूरचीच, आता एटीआर या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक.

सिम्युलेटरचा मला आदर आहे. एअरलाइनमध्ये आमची परीक्षा त्यावरच होते आणि तिथं घाम फुटतो. पण कॉलेजवाल्या सरांनी एक गोष्ट धरलेली नाही. शिकाऊ स्तरावरचं यंत्र हलत नाही. ढगात डोकं फिरतं ते कानातल्या द्रवामुळे. विमान हळूहळू डावीकडं झुकत गेलं तर शरीराला पत्ता लागत नाही. मग सरळ केलं की शरीर ओरडून सांगतं, उजवीकडं पडतोयस. त्या वेळी शरीराचं न ऐकता यंत्राचं ऐकायचं, हे एका जागी बसलेल्या खोलीत कसं शिकणार? हूडखालीसुद्धा ते पूर्ण येत नाही, पण निम्मं तरी येतं.

दुसरं, रेडिओ. यंत्रात इन्स्ट्रक्टरच कंट्रोलर होतो, त्याचा आवाज ओळखीचा, तो वाट बघतो. खऱ्या फ्रीक्वेन्सीवर तुमच्या आधी तिघं बोलत असतात, तुम्हाला चार्ट उलटायचाय, उंची सोडायचीय आणि तेवढ्यात हेडिंग बदलून येतं. माझा पहिला खरा पावसाळी अ‍ॅप्रोच अवघड गेला तो यामुळे. यंत्रावरची वाट दाखवणारी सुई धरता येत होती. सुई धरून बोलता येत नव्हतं.

कॅप्टन शेजारी असतो, म्हणून निभावलं. चार्टर कंपनीच्या छोट्या विमानात लायसन्स नवं असताना बसणाऱ्याला तोही आधार पुरेसा मिळेलच असं नाही.

तरीही प्रशिक्षक सरांच्या एका गोष्टीशी मी सहमत नाही. रिकाम्या तासांत सराव म्हणताय, पण सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार फुटांवर. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो. अशा दुपारी दोन माणसं घेतलेली सेसना गो-अराउंडला, म्हणजे न उतरता परत वर जाताना, किती जीव काढून चढते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर उष्ण हवेचे धक्के. त्या हवेत हूडखालचं मूल सुई धरायला शिकत नाही, ओकारी आवरायला शिकतं. सरावाची चांगली वेळ सकाळची. ती वेळ सगळ्यांनाच हवी असते.


विद्यार्थ्याची आई, अशोक चौक

मला तुमचे मैल आणि नॉट समजत नाहीत. माझा मुलगा इथल्याच एका फ्लाइंग स्कूलमध्ये आहे, नाव नाही घेत. यंत्रमागाच्या धंद्यातून साठवलेलं होतं ते आणि वर घरावर कर्ज, असं करून फी भरलीय. एक तास उडालं की तासाचे पैसे लागतात, मग त्या तासात सराव झाला काय आणि नाही झाला काय. तो सांगतो, दूरच्या विमानतळापर्यंत गेलो, अ‍ॅप्रोच मागितला, ‘स्टँडबाय’, म्हणजे थांबा, म्हणाले, फिरत राहिलो, शेवटी नाही म्हणाले, परत आलो. ते फिरणंही बिलात.

नाही म्हणायचं असेल तर आदल्या दिवशी म्हणा ना. कॉलेजात परीक्षा पुढं ढकलली तर नोटीस लावतात. हवेत पैसे जळत असताना का सांगता?

आणि केगावच्या सरांना एक. सिम्युलेटरचा तास स्वस्त असेल, पण लायसन्सला विमानाचे तास लागतातच. ते कुठं करायचे ते सांगा.


निवृत्त कंट्रोलर

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. आदल्या दिवशी सांगता येईल तेवढं सांगावंच. पण हवामान, एखादं आजारी माणूस घेऊन येणारं विमान, एखादा कंट्रोलर रजेवर, हे आदल्या दिवशी कळत नाही. ‘स्टँडबाय’ म्हणणारा मुद्दाम छळत नसतो. त्याला पुढच्या पाच मिनिटांत फट सापडेल अशी आशा असते.

सर, तुम्ही सॅन डिएगोवर जो खुलासा केलात तो बरोबर आहे. पण मग जवळचं बघा. २९ जानेवारी २०२५, वॉशिंग्टन. प्रवासी जेट आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर. ६७ माणसं गेली. ते हेलिकॉप्टर कशासाठी उडत होतं? पायलटच्या वार्षिक चाचणीसाठी. म्हणजे सराव आणि परीक्षा याच प्रकारातलं उड्डाण, रात्री, गर्दीच्या विमानतळाच्या कुशीत. आणि टॉवरमध्ये त्या वेळी विमानं आणि हेलिकॉप्टरं एकच माणूस सांभाळत होता. जिथं एका खुर्चीवर दोन खुर्च्यांचं काम आलेलं असतं तिथं पहिलं काय सोडायचं? प्रवासी सोडता येत नाही. पेशंट सोडता येत नाही. सराव सोडता येतो, कारण सराव उद्या करता येतो. याला तुम्ही बंदी म्हणा, मी क्रम म्हणतो.


आसरा चौक

मी विमानतळाच्या जवळ राहतो. पायलटांचं शिक्षण, टॉवरचा बोजा, सगळ्यांचं झालं, आमचं कोणी बोललं नाही. प्रवासी विमान दिवसातून थोड्या वेळा जातं, सहन होतं, गावाच्या भल्याचं आहे. पण शिकाऊ विमान एकाच रेषेवर खाली येऊन वर जात राहिलं तर सकाळभर तेच. मुलांची दहावी-बारावी असते.

या विमानतळासाठी सोलापूरनं काय काय सोसलंय ते विसरू नका. १५ जून २०२३ ला विमानाच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. त्या कारखान्यावर पोट असलेली माणसं त्या दिवशी रडताना मी बघितलीत. तेव्हा सांगितलं गेलं की प्रवासी विमानसेवेसाठी हे करावं लागतंय. फ्लाइंग स्कूलच्या सरावासाठी पाडतोय असं कोणी म्हणालं नव्हतं.


प्रशिक्षक, विजापूर रोड

आसरा चौकातल्या मालकांना उत्तर द्यायला हवं, कारण त्यांचा मुद्दा जड आहे. चिमणीचा वाद काय होता? धावपट्टीकडं येणाऱ्या आणि चुकलं तर वर जाणाऱ्या विमानाच्या वाटेत उंच अडथळा नको. म्हणजे अ‍ॅप्रोच सुरक्षित व्हावा. तो मोकळा केलेला अ‍ॅप्रोच नीट वापरता येणारा पायलट तयार झाला नाही, तर सोसलेलं वाया गेलं असं मी म्हणेन. आवाजाचं मात्र खरं आहे. परीक्षांच्या दिवसांत सराव नको, सकाळी सातच्या आधी नको, हे लिहून ठेवायला माझी तयारी आहे. कोणी विचारलं तर त्यावर मी सही करीन.

साहेब, वॉशिंग्टन. ते दुःख मोठं आहे, पण तुमच्या बाजूला ते पूर्ण येत नाही. चौकशीत काय बाहेर आलं? नदीवरून जाणारा हेलिकॉप्टरचा मार्ग आणि एका धावपट्टीचा उतरायचा मार्ग यांच्यात काही ठिकाणी फक्त ७५ फुटांचं अंतर होतं. हा नकाशा आखणाऱ्याचा दोष. ते हेलिकॉप्टर चाचणीचं नसतं, एखाद्या अधिकाऱ्याला घेऊन चाललं असतं, तरी ७५ फूटच उरले असते. आणि एका खुर्चीवर दोन खुर्च्या का आल्या, हा प्रश्न सराव बंद करून सुटत नाही. तो झाकला जातो. माझी खरी भीती ही आहे. सराव बंद केला की रांग कमी दिसते, रांग कमी दिसली की वरचे म्हणतात, चाललंय की, आणखी माणसं कशाला?

१९८१ मध्ये अमेरिकेत कंट्रोलरांचा संप झाला, ११ हजारांहून जास्त जणांना काढून टाकलं. मग छोट्या विमानांना आयएफआर, म्हणजे यंत्रांवर विसंबून, उडायचं तर आधी आरक्षण करावं लागे. ती तात्पुरती सोय संपाबरोबर संपली नाही, पुढंही चालत राहिली. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथलं सरकारी काम ४३ दिवस ठप्प होतं, कंट्रोलर पगाराविना काम करत राहिले, ४० मोठ्या विमानतळांवर विमानं कमी करावी लागली. अशा वेळी सराव थांबवला तर मी एक शब्द बोलणार नाही. पण अडचण संपल्यावर पाटी काढायची तारीखही त्याच कागदावर लागते.


कलबुर्गी अप-डाउन

मी विमानांच्या देखभालीत आहे, आठवड्याला सोलापूर-कलबुर्गी करतो. तुम्ही दोघं आयएलएसभोवती फिरताय. आयएलएस महाग, जमिनीवर अँटेना, देखभाल, तपासणीचं विमान. ते छोट्या ठिकाणी कोणी बसवणार नाही.

पण आपल्याकडं गगन आहे. उपग्रहावरून जीपीएसची चूक सुधारणारी आपली स्वतःची यंत्रणा. २०२२ च्या एप्रिलमध्ये राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर गगनच्या आधारानं एलपीव्ही, म्हणजे उपग्रहाच्या मार्गदर्शनाचा, अ‍ॅप्रोच करून उतरलं. धावपट्टीशेजारी आयएलएसचं एकही यंत्र लागत नाही. आयएलएससारखीच सुई दिसते, तसाच उतार मिळतो. मग लातूरला, धाराशिवला धावपट्ट्या आहेत, प्रवासी विमानं नाहीत. तिथं असे अ‍ॅप्रोच आखून द्या. विमानात योग्य रिसीव्हर बसवला की मुलं दिवसभर सराव करतील. होटगी रोडला त्रास नाही, पुण्याला नाही. माँटगोमेरीला जे झालं तेच, फक्त खड्डा न खणता.


निवृत्त कंट्रोलर

कल्पना चांगली आहे आणि मला ती आवडली. पण ‘आखून द्या’ हे दोन शब्द फार सोपे वाटतात. अ‍ॅप्रोच आखायचा म्हणजे आजूबाजूच्या प्रत्येक मनोऱ्याचा, टॉवरचा, टेकडीचा, पवनचक्कीचा सर्व्हे. मग प्रक्रिया कागदावर, मग प्रत्यक्ष उडून तपासणी, मग विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएची मान्यता, मग अधिकृत पुस्तिकेत प्रसिद्धी. आणि ते जपायचं. आज सर्व्हे केला आणि सहा महिन्यांनी कोणी मोबाइलचा मनोरा उभारला तर? धाराशिवच्या बाजूला पवनचक्क्या किती उभ्या राहिल्यात ते बघून या. त्या विमानतळावर हवामान कोण सांगणार, आग लागली तर बंब कोणाचा? जिथं टॉवर नाही तिथं तीन शिकाऊ विमानं एकाच बिंदूकडं हूड घालून आली तर त्यांना वेगळं कोण ठेवणार? मोकळं आकाश धोक्याचं नसतं ही समजूत चुकीची आहे.


एटीआर, उजवी सीट

काका, अमेरिकेत टॉवर नसलेल्या विमानतळांवर हे रोज होतं. सगळे एका फ्रीक्वेन्सीवर आपापली जागा सांगतात, हवा स्वच्छ असते, हूडवाल्याशेजारी बसलेला बाहेर बघत असतो. तिथं टॉवरचं ‘हो’ लागतच नाही. प्रशिक्षक सरांच्या भाच्यालाही ती वाट मोकळी आहे, रडार केंद्रानं नाही म्हटलं तरी. हे मी सरांच्या विरोधात म्हणतेय. तिथं बंदीनं सराव संपत नाही, रडारवरचा सराव संपतो. आपल्याकडं तशी जागाच कमी, म्हणून इथं नकार जास्त लागतो.

आणखी एक. रडार केंद्रानं ‘हो’ म्हटलं तरी काय मिळतं ते बघा. कुठं पूर्ण अंतर राखून देतात, कुठं सरळ सांगतात की प्रॅक्टिस अ‍ॅप्रोच अप्रूव्ह्ड, सेपरेशन, म्हणजे दुसऱ्या विमानांपासूनचं अंतर, आम्ही देणार नाही. अ‍ॅप्रोच चुकल्यावर ठरलेल्या वाटेनं वर जायची परवानगीही व्हीएफआर विमानाला आपोआप नसते, वेगळी मागावी लागते. ही अर्धवट सेवा मुलाला पूर्ण वाटते, ते मला जास्त धोक्याचं वाटतं. मला विचाराल तर थोडे अ‍ॅप्रोच द्या, पण पूर्ण द्या. आठवड्याला ठरलेल्या वेळा, त्या वेळेत एका वेळी एकच शिकाऊ विमान, आयएफआरचा फ्लाइट प्लॅन भरून, मिस्ड अ‍ॅप्रोचसकट. त्यात तो खऱ्या कंट्रोलरशी खऱ्यासारखा बोलेल. बाकीचा सराव लातूरला नाहीतर सिम्युलेटरवर.


सिम्युलेटर लॅब, केगाव

आता आपण जवळ येतोय. पहिले २० तास यंत्रावर पक्के झाल्याशिवाय मुलाला टॉवरकडं अ‍ॅप्रोच मागायला पाठवूच नये. म्हणजे फ्रीक्वेन्सीवर ‘कन्फर्म?’ कमी ऐकू येईल. फ्लाइंग स्कूल अनेकदा उलटं करतात, विमान मोकळं आहे तर उडवा. हे प्रशिक्षकांनी आपल्या घरात आधी सुधारायला हवं.


प्रशिक्षक, विजापूर रोड

हे मान्य. मी स्वतः असंच करतो, पण सगळीकडं होत नाही हेही खरं. आणि भाच्याचं तिनं बरोबर सांगितलं, तो आता टॉवर नसलेल्या एका विमानतळावर जाऊन करतोय. पण तिथं त्याला कंट्रोलरचा आवाज मिळत नाही, आणि तोच आवाज पुढं पावसात लागणार आहे.

साहेब, पवनचक्क्यांचा मुद्दा खरा आहे. सर्व्हे करावाच लागेल, खर्चही येईल. मी एवढंच विचारतो, सोलापूरला किंवा कुठंही सरावाला नाही म्हणायची वेळ आली, तर त्या कागदावर तीन गोष्टी असाव्यात का? कारण, शेवटची तारीख, आणि तोवर कुठं जायचं.


निवृत्त कंट्रोलर

कारण लिहायला हरकत नाही. तारीख लिहायलाही नाही, तारखेला परत बघू आणि लागली तर वाढवू, पण ते वाढवणं कोणाच्या तरी सहीनं व्हावं. एवढं मी मान्य करतो.

कुठं जायचं हे टॉवरनं सांगावं, हे मान्य नाही. ते काम डीजीसीए आणि विमानतळ प्राधिकरणाचं. टॉवरमधल्या माणसाच्या अंगावर ते टाकलंत तर तो कागद कधी काढणारच नाही, बोजा वाढला तरी ‘स्टँडबाय’ म्हणत राहील. सॅन डिएगोच्या त्या सकाळी नाही म्हणायला कोणीतरी हवं होतं, असं मला आजही वाटतं.

ठरलेल्या वेळांची मुलीची सूचना चांगली आहे. पण छोट्या विमानतळाचा टॉवर ठरावीक तासच चालतो. सरावासाठी तास वाढवायचे तर माणूस हवा, अग्निशमनाची पाळी हवी. तो खर्च फ्लाइंग स्कूल देणार का?


विद्यार्थ्याची आई, अशोक चौक

स्कूल देणार म्हणजे आम्हीच देणार, साहेब. पण वेळ ठरलेली असेल आणि त्या वेळेला खरंच अ‍ॅप्रोच मिळणार असेल तर देऊ. फिरत राहण्याचे पैसे देण्यापेक्षा ते देणं मला परवडेल. फक्त आधी आकडा सांगा.